कातविकचा भोंगा

नोरहान, २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी कानावर आलीच असेल, तरी माझ्या हातची म्हणून पुन्हा ऐक. किनारा खात्याचा कारभार माझ्याकडे आला. आपल्या माणसांपैकी या खुर्चीत बसलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी शिपायाने मला दुभाष्यांच्या खोलीकडे पिटाळलं. चूक कळल्यावर बिचाऱ्याने लागोपाठ दोनदा चहा आणला.

एक काम आहे. ऑगस्टअखेर मोजणीचं सरकारी जहाज तुमच्याकडे येईल. कातविकच्या किनाऱ्यावर वॉलरस किती चढतात ते कागदावर आलं, की तो किनारा कायद्याने राखता येईल. नाहीतर खाणवाले तिथे धक्का बांधायला टपलेलेच आहेत. वाट दाखवायला मी तुझ्या कुविकचं नाव दिलं आहे. परक्याला कातविक दाखवू नये म्हणून पंच कुरकुरतील. त्यांच्यात तू थोरली, तूच समजाव. कळप बिथरू नये म्हणून जहाज किनाऱ्यापासून लांब, सुळक्याआड थांबेल, असं कप्तानाने कबूल केलं आहे.

भाचेबुवांना म्हणावं, सरकारी माणसांत जायचं आहे, केस कापून घ्या. मोठ्या खुर्चीतल्या धाकटीवर लोभ कमी करू नये.

तुझी,
नायात


उमियाविक, ३० ऑगस्ट

चि. नायात हिस,
अ. उ. आ.

अक्षर लागेल तसं लावून घे.

काल सकाळी दाट धुकं होतं. जहाज सुळक्याआड थांबलं नाही, पार किनाऱ्यापाशी गेलं आणि तिथे भोंगा वाजवला. माद्या पिलांना पोटाशी घेऊन दाटीवाटीने पहुडल्या होत्या. या दिवसांत वारा तिकडे वाहत असेल तर आपण चूलसुद्धा पेटवत नाही, हे तुला मी सांगायचं? अख्खा कळप एकदम उठून पाण्याकडे धावला. भोंगा गावात ऐकू आला. त्यामागून जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता. कडा कोसळला असंच वाटलं.

आम्ही होड्या वल्हवत गेलो. वाळूवर पिलं पडली होती, चेंगरलेली. एक मादी तेवढी परतली होती. आपल्या पिलाला नाकाने ढकलत ढकलत पाण्याकडे नेत होती. ते केव्हाच मेलं होतं. मालिक आजोबांचा जन्म शिकारीत गेला, पण ते पाठ फिरवून उभे राहिले. मांसासाठी कुणी सुरी काढली नाही.

कुविक आपणहून सगळ्यांच्या पुढे आला. म्हणाला, कप्तानाचा हात धरला होता, पण धुक्यात भोंगा वाजवायचा त्यांचा नियम आहे म्हणे. मग म्हणाला, वाट मात्र मीच दाखवली. कुणी विचारलंही नव्हतं त्याला.

कप्तानाने कबूल केलं आहे, असं तू लिहिलंस. कुणापाशी गं, आणि कुणाच्या वतीने?

उद्या पंच बसतील. त्यांत मी आहे.

अर्नालूक


नोरहान, २१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी थेट राज्यपालांकडे गेले. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, जनावरांची पळापळ व्हायचीच, अहवालात दोन ओळी घालू. मी म्हटलं, मेलेल्या पिलाला ढकलणाऱ्या आईबद्दल त्या दोन ओळींत काय लिहायचं? त्यांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं.

त्यातून सावरते न सावरते तोच पोलिसांकडून कळलं, की कुविकला तुम्ही कातविकच्या झोपडीत एकटं नेऊन सोडलंत. जनावरं परत येईपर्यंत गावात पाऊल नाही, कुणी एक शब्द बोलायचा नाही. आणि हा निवाडा तू सुनावलास. मी तीनदा विचारलं, नाव नीट ऐकलंत ना? ताई, तू त्याची आई. हिवाळा तोंडावर आहे. जनावरं कधीच आली नाहीत तर?

कायद्याने वाळीत टाकायला बंदी आहे. गावोगाव फिरून हा कायदा मीच समजावला होता. तुला धरायला पोलिसांची बोट निघाली आहे. ती पोचायच्या आत त्याला घरी आण. तुझ्या पाया पडते.

नायात


उमियाविक, ८ ऑक्टोबर

चि. नायात हिस,
अ. उ. आ.

पोलीस येऊन गेले. निवाडा कुणी दिला विचारलं, मी म्हटलं, मीच. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघून बाकीचे पंच निवाडा सुनावायला कचरत होते. दुसऱ्या कुणी सुनावला असता, तर आई मागे लपली असं पोराला वाटलं असतं.

जबानीसाठी मला बोटीतून कातविकला नेलं. कुविक झोपडीतून बाहेर आला. गालफडं बसली आहेत. माझ्याकडे बघितलं नाही. फौजदाराने विचारलं, तुला इथे कुणी डांबलं? तो त्यांच्याच भाषेत म्हणाला, "मला कुणी डांबलेलं नाही. जनावरं येतात का ते बघायचं काम गावाने दिलंय, ते करतोय. तुमच्या कप्तानाला कुणी काय काम दिलं?"

फौजदाराने टोपी चढवली. तक्रार नाही तर गुन्हा नाही म्हणाला आणि मला गावात सोडून गेला. निघताना मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं. बंदी माझीच.

निवाडा अजून अर्धाच झाला आहे. वाट कुविकने दाखवली, पण जहाज पाठवलं कुणी, असं मालिक आजोबांनी विचारलं. ठाऊक सगळ्यांना होतं. तुझं नाव मी घेतलं.

सरकारी बाईला बोलावणं धाडायचा हक्क आम्हाला नाही म्हणे. म्हणून बोलावत नाही. फक्त कळवते.

अर्नालूक


पुईसाक बंदर, १९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाच्या विमानाने माझ्या आधी पोचेल. बर्फ धरण्यापूर्वीच्या शेवटच्या जहाजावर मी चढले आहे. राज्यपालांनी बजावलं, की खात्याची प्रमुख गावच्या पंचांपुढे उभी राहिली, तर उद्या सरकारला प्रत्येक गावापुढे उभं राहावं लागेल. मी म्हटलं, होय, तसंच होईल. परतल्यावर खुर्ची राहील असं वाटत नाही.

कुविकशेजारी झोपडीत जागा असेल तर तिथे ठेवा, किंवा पंच म्हणतील तसं.

एवढंच मागते. किनाऱ्यावर मला उतरवून घ्यायला पंच म्हणून ये, बहीण म्हणून येऊ नकोस. बहिणीला तोंड दाखवायचा धीर अजून झालेला नाही.

'लोभ असावा' हे पंच ठरवतील तेव्हा लिहीन.

नायात