ठेच्यावरचा आळ

माय, परवा यवतमाळला माझ्या पोटात नळी घालून पाहिली. कॅन्सर नाही, घाबरू नकोस. एक जंतू निघालाय, चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्यात. तू असतीस तर गोळ्या बाजूला ठेवून आधी माझी दृष्ट काढली असतीस. आजोबा आणि बाबा दोघंही पोटाच्या कॅन्सरनं गेले, हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, हा जंतू बहुतेक लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. कितीतरी जणांच्या पोटात तो जन्मभर गुपचूप राहतो. पण जंतूची जात जहाल असली आणि घराण्याचं रक्तही त्याला फावणारं असलं, तर धोका वाढतो. मी विचारलं, "आणि ठेचा?" त्या हसल्या. "मिरचीनं आग होते हो. पण कॅन्सरचा आळ तिच्यावर नका घालू." माय, मला तिथंच रडू आलं.

बाबांना तुझ्या हातचा ठेचा रोज लागायचा. तव्यावर मिरच्या भाजून, लसूण-मीठ टाकून तू लोट्याच्या बुडानं रगडायचीस, आणि बाबा तो भाकरीवर घेऊन तुला चिडवायचे, "आज मिरची झोपली काय वो?" ते उठले की त्यांच्याच उष्ट्या ताटात तू जेवायला बसायचीस. तोच ठेचा, तेच ताट. त्यांचा जंतू तुझ्याही पोटात गेला असेल, पण तुझ्या मारेगावच्या माहेरच्या रक्तानं त्याला जुमानलं नसेल. तू ऐंशी पार केलीस. पुरावा रोज आमच्यासमोर बसून जेवत होता, आणि आम्ही शिकले-सवरलेले आंधळे!

बाबांच्या तेरवीला आत्या भर अंगणात म्हणाली, "इच्या ठेच्यानंच नेलं माह्या भावाले." तू भिंतीला टेकून बसली होतीस. मान वर केली नाहीस. त्यानंतर घरात ठेचा झाला नाही. खूप वर्षांनी एकदा मी मागितला, तर म्हणालीस, "कायले रे? एक गेला तेवढा पुरे."

लोटा अजून आहे. गोळ्या संपल्या की ठेचा करून पाहीन, तुझ्यासारखा होणार नाही.

हे पत्र कुठं धाडणार? पण तुझी माफी मागायला डॉक्टरीणबाई भेटेपर्यंत थांबायची गरज नव्हती. आत्याच्या कानात ठेच्याचं मीच घातलं होतं.