न मिटणारे शिंपले

तीर्थरूप आप्पा, तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं.

प्रयोगशाळेत हल्ली वेडेवाकडे शिंपले येतात. कवच जाडजूड होऊन पिळतं, तोंड धड मिटत नाही. साहेब म्हणतात, दाटीवाटीने वाढल्यामुळे होतं. मला संशय आहे शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून होड्यांच्या तळाला लावतात त्या विषारी रंगाचा. तसं लिहिलं, तर त्यांनी अहवाल टेबलावर आपटला. मीही एक अक्षर खोडणार नाही. मुलगी तुमचीच ना!

काल त्या रंगाचा डबा पाहिला, त्यावरचं नाव दोनदा वाचलं. आप्पा, होड्या रंगवताना तुम्ही जन्मभर नुसत्या हाताने ढवळलात तोच हा रंग. हातमोजे पाठवतेय. हसू नका, घाला.

मागचं पत्र आईच्या अक्षरात का होतं? याचं उत्तर तुम्ही स्वतः लिहा, दोन ओळी का होईना.

तुमची धाकटी