'आलोच' म्हणून गेलेल्या मामांना

ती. मामांच्या पायाशी,

तिसऱ्यांदा नापास व्हायच्या बेतात असलेल्या भाच्याचा दंडवत. तुमचा गुडघा ताळ्यावर आला असेल आणि मामीचा खोकला तुमचे सल्ले न ऐकता बरा झाला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

बुद्धिबळाच्या पंचांच्या प्रशिक्षणात मी पुन्हा नाव घातलंय, हे आईने कळवलंच असेल. ही शेवटची संधी. यातही नापास झालो तर परत बसता येत नाही. (बायकोने पंचाचा काळा कोट आधीच शिवून घेतलाय. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, कापड उरलं होतं म्हणून.) लेखी पेपर बरा गेला. प्रात्यक्षिकात प्रत्येकाला एकेक टेबल देतात आणि तिथला वाद मिटवायला सांगतात. आमच्या मुख्य पंच बाईंनी (आम्ही त्यांना पाठीमागे 'शांतता' म्हणतो, कारण त्या आल्या की तीच पसरते) सगळ्यांना चांगली उजेडाची टेबलं दिली आणि मला खांबाआडचं दिलं. भर दुपारची वेळ, बाकी दालनात लोक घामाने निथळतायत, आणि त्या टेबलापाशी मात्र माझे हात गारठलेले.

टेबलावर अर्धा झालेला डाव आणि थांबवलेलं घड्याळ. एका बाजूला एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. समोरची खुर्ची रिकामी. मी लगेच कायदा काढला, एक खेळाडू गैरहजर, दुसरा विजयी, चला जेवायला. बाई म्हणाल्या, "गैरहजर कोण? टेलरमास्तर बसलेत की." मी हसलो. एकटाच हसलो. त्या खुर्चीची वेताची बैठक मधोमध दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती कुरकुरत आणखी दबली. कंटाळलेला माणूस सावरून बसतो ना, तशी.

मग हकीकत कळली. खूप वर्षांपूर्वी या डावात चष्मेवाल्यांचा हात घोड्याला लागला. टेलरमास्तरांनी तक्रार केली, हात लावलेलं मोहरं खेळलंच पाहिजे. चष्मेवाल्यांचं म्हणणं, घोडा तिरका होता आणि मी आधी 'नीट करतो' असं म्हणालो होतो, तसं म्हटलं की हात लावला तरी चालतो. घोडा हलवला तर चष्मेवाल्यांची हार, नाही हलवला तर जीत. तेव्हाच्या पंचांनी घड्याळ थांबवलं, "आलोच" म्हणाले आणि बाहेर पडले. ते पंच म्हणजे तुम्ही, मामा! आता 'आलोच' म्हणजे 'चाललो', हे घरीदारी कुणालाही कळतं. पण पडला पंचाचा शब्द, तो या दोघांनी अक्षरशः घेतला. बाई रोज रात्रीपुरती घरी जायची परवानगी देत आणि सकाळी दोघंही पुन्हा हजर. एकदा बाई रजेवर असताना टेलरमास्तर खुर्चीतच वारले. लोकांनी त्यांना उचलून नेलं, पण परवानगीशिवाय खेळाडूने दालन सोडायचं नाही हा नियम, आणि परवानगी त्यांना कुणीच दिली नव्हती. म्हणून ते राहिले. (मामांचा निर्णय आजवर फिरला नाही, असं आपल्या घरात छाती फुगवून सांगतात. फिरेल कसा? दिलेलाच नाही.)

मी धीर करून खुर्चीमागे उभा राहिलो, तर अंगातल्या नव्या कोटाच्या खांद्यावर काहीतरी गार पट्टीसारखं पडलं, शिवणीवरून सरकत बाहीपर्यंत गेलं आणि कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "अर्धा इंच उतरलाय." (घरी येऊन मोजलं. अर्धा इंच उतरलाय.) चष्मेवाले म्हणाले, "मला जिंकायचं नाहीये हो आता. हरलो म्हणायलाही तयार आहे, पण तसं म्हटलं की मास्तर घोडाच आडवा पाडतात. त्यांना फुकटची जीत नको, निर्णय हवाय. ते एकटे पडतील म्हणून मी येत राहतो." तेवढ्यात पटावरचा घोडा आपणहून आडवा झाला. मला भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा वाईट वाटलं, आणि तुमचा रागही आला. लहान तोंडी मोठा घास घेतो, पण आला.

बाकी क्षेम. मामीला नमस्कार.

आपला भाचा
(अजून प्रमाणपत्राविना)

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. चष्मेवाले 'नीट करतो' म्हणाले ते तुम्ही ऐकलंत का? ऐकलं असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं. आणि त्या वेळी तुमचं लक्षच नव्हतं, असं असेल तर तेही सांगून टाका. ते दोघं रागावणार नाहीत, मी विचारलंय.

दुसरा ता. क. : मी पास झालो! नियमात एक वाट सापडली, दाद मागायला खेळाडू पंचांपर्यंत जाऊ शकतो. तशी रीतसर परवानगी मी मोठ्याने दिली आणि खुर्चीची बैठक हळूच वर आली. चष्मेवाले पट सांभाळत बरोबर निघालेत, हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. मामीला म्हणावं घाबरू नकोस, माणसं सभ्य आहेत. फक्त दार उघडल्यावर चष्मेवाले आत आले की लगेच लावून घेऊ नकोस. त्यांच्यामागे कुणी दिसलं नाही तरी 'या' म्हण.