मागचा अ‍ॅक्सल, पाऊण इंच उजवीकडे

१२ एप्रिल
बर्फ गेलं. गॅरेज उघडलं. सत्तावन्न सालची माझी दोन दारांची राणी. ५ जूनला जोलीचं लग्न. मुलगी चर्चला याच गाडीतून जाणार, बाप चालवणार. ठरलं. जोलीला सांगायचं राहिलंय.

१४ एप्रिल
मागचं उजवं चाक मडगार्डला घासतं, डावीकडे मात्र अख्खा पंजा आत जातो. टेप लावली. अ‍ॅक्सल पाऊण इंच उजवीकडे सरकलाय. एका रविवारचं काम.

१९ एप्रिल
जोलीला सांगितलं. म्हणाली, डॅड, आमची रॉइसची व्हॅन ठरलीय. रॉइस म्हणजे तिच्या आईचा नवा नवरा. नवा म्हणजे अकरा वर्षं झाली. कोकोमोला चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे म्हणे. मी म्हटलं, नवरी व्हॅनमधून उतरते? पार्सल आहे का? मग बरं म्हणाली. भारावली असणार.

२ मे
अ‍ॅक्सल जॅकने ढकलला. सोडला की पुन्हा जागेवर. स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात अडकतो. सत्तावन्न सालीच चुकलेलं दिसतंय.

९ मे
मदर्स डे म्हणून जोलीच्या आईला, नॅडीनला फोन केला. उचलला रॉइसने. म्हणाला, डेल्मर, मडगार्डपासून मोजू नकोस रे, खालच्या चासीपासून मोज. वरची बॉडीच सरकली असेल. बॉडीचे बोल्ट सैल कर, ढकल, संपलं. बायको नेलीस, आता टेप कुठे धरायची तेही तूच शिकव. असं म्हणालो नाही. थँक्यू म्हणालो. पण सुरावरून समजला असेल.

१६ मे
बैठका कापल्या, पाऊण इंच सरकवून वेल्ड केल्या. आता दोन्हीकडे सारखी फट! चासीपासून मोजलं नाही. गरज नव्हती.

२३ मे
फेरी मारली. किंचित तिरकी चालते. शेजारच्या मिसेस प्रूइट म्हणाल्या, तुमची गाडी बघते एकीकडे नि जाते दुसरीकडे. त्यांना काय कळतंय. चाळीसच्या वर सीटखाली थरथर. पस्तीसच्या वर न्यायची नाही, बस.

५ जून, दुपारी ३
जोली मागे बसली. आरशात पाहिलं तर हुबेहूब नॅडीन, आमच्या लग्नातली. काटा पन्नासवर कधी गेला कळलं नाही. धाडकन आवाज. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तुटला. मक्याच्या शेताशी थांबलो. दोन मिनिटांत रॉइसची व्हॅन. मागोमागच येत होता. सांगितलं होतं कोणी?
जोली ड्रेस सावरत उतरली. म्हणाली, डॅड, चल ना, राहू दे गाडी. नॅडीन पुढच्या सीटवरून उठून मागे गेली, माझ्यासाठी. मी म्हटलं, व्हा पुढे, टोचनवाल्याला फोन करतो नि आलोच. असली गाडी उघड्यावर टाकून जाता येत नाही.
व्हॅन गेली. लग्न दोनला होतं. टोचनवाल्याला फोन अडीचला केला. चर्चचं टोक इथून दिसतंय.

१२ जून
टोचनवाल्याच्या यार्डात गाडी वर उचलली. मेकॅनिकने चासीपासून टेप लावली. अ‍ॅक्सल पहिल्यापासून बरोबर मध्यावर होता. बॉडी सरकलेली. आता मात्र अ‍ॅक्सल खरंच पाऊण इंच डावीकडे आहे. बैठकाही वाकड्या बसल्या, म्हणून शाफ्ट गेला. म्हणाला, वेल्डिंग तेवढं झकास आहे, बापजन्मी निघायचं नाही.
रॉइसला हे कळता कामा नये.

१४ जून
जोलीचा फोन. काय बिघडलं होतं विचारलं. सगळं समजावून सांगितलं, इंचांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाली, आम्ही चाळीस मिनिटं थांबलो होतो, डॅड. मम्मी रॉइसला म्हणाली, बापाच्या जागी तूच हात धरून आत घेऊन जा तिला. तो नाही म्हणाला. म्हणाला, तिचा बाप येईल. शेवटी मी एकटीच वेदीपर्यंत चालत गेले.
मी विचारलं, ड्रेसला ग्रीस नाही ना लागलं?
नाही म्हणाली. फोन ठेवला.