चिमीला काढायची रीत

३ जून

चि. चिमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. नात थेट तुझ्यावर गेलीय म्हणतेस, म्हणजे लेकीच्या घरात आता शांतता म्हणून नाही! इकडे सगळे मजेत. कारखान्यात ओतकामाच्या खोलीत नवा पंखा बसवला.

एक छोटी गोष्ट राहिली. मंगळवारच्या बैठकीत काकांनी आणि मी तुला कारभारातून काढलं. हिस्सा तुझाच राहील, फक्त सहीचा अधिकार आणि तपासणीचं टेबल गेलं. मनाला लावून घेऊ नकोस. दर विसाव्या कुलपाला तू भलतीच किल्ली लावून बघतेस आणि एखादं उघडलं की अख्खा माल अडवतेस. गिऱ्हाइकाने थांबायचं तरी किती? काका म्हणाले, आता तिने नातवंडं खेळवावीत.

बैठकीचा वृत्तांत कसा लिहायचा तेवढं कळव. आजवर ते तूच करत आलीस. तब्येत सांभाळ, माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

८ जून

ती. दादास,
चिमीचा शि. सा. न. वि. वि. वृत्तांत असा लिही: हजर दोघं, जिच्याबद्दल बैठक ती गैरहजर, कारण तिला कुणी सांगितलंच नाही. खाली सही कर आणि कागद फाडून टाक.

मग बाबांच्या करारातलं नववं कलम वाच. भागीदाराला कारभारातून काढायचं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी, त्यात तारीखवार आरोप हवेत. त्याचं म्हणणं समोर बसून ऐकायचं. आणि काढणाऱ्याने निकालाची कारणं स्वतःच्या हाताने लिहून द्यायची, तोवर निकाल लागू नाही. अरे, गेटवरचा रखवालदार खुर्चीत घोरताना सापडला, तर त्याला तू तीन नोटिसा दिल्यास! सख्ख्या बहिणीला एकही नाही?

फार वाईट वाटलं दादा. त्या टेबलापाशी माझे केस पिकले. काढायचं तर काढ, पण ऐकून काढ. वहिनीला नमस्कार. राग असला तरी लोभ आहेच.
तुझी चिमी

१५ जून

चि. चिमीस,
अ. आ. तू आणि तुझं ते कलम! काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, तुझ्या बापाला लिहायची भारी हौस. असो. सोबत नोटीस आहे. आरोप सात, सुनावणी १ जुलैला. कायद्याची भाषा मला जमत नाही, तेव्हा एकदा नजर घाल. 'आडमुठेपणा' चालेल का? बाळाला पापा. लोभ ठेवावा, नोटीस वेगळी आणि नातं वेगळं.
तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नोटीस काल हातात पडली. तिथून १ जुलैपर्यंत पंधरा दिवस कुठे होतात? तारीख ६ केली आहे. 'आडमुठेपणा' खोडून 'कामात अडथळा' घातलं. आणि आरोप सात नाहीत, नऊ आहेत. मार्चमधले दोन तू विसरलास, तेही लिहिले. अर्धवट आरोपांवर मला काढलेलं चालायचं नाही.

६ तारखेला येते. वहिनीला सांग, जेवायलाही थांबेन. लोभ सुनावणीपर्यंत तरी टिकव.
तुझी चिमी

९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. सुनावणी अगदी नियमाप्रमाणे झाली, त्यात खोट काढायला जागा नाही. मी दोन तास बोलले. काकांनी दोनदा पाणी दिलं. जन्मात पहिल्यांदा तू मला मध्येच तोडलं नाहीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं, की तुमचं आधीच ठरलंय!

काढलीत ना, आता रडून काय उपयोग? तरी गाडीत रडलेच. कारणं तेवढी लिहून पाठव. तो माझा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. लोभ असावा, असं लिहिते आहे.
तुझी चिमी

२० जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. कारणं लिहायला बसलो. 'विनाकारण माल अडवला' असं लिहिलं. मग म्हटलं, विनाकारण कसं ते लिहिलं नाही तर तू तांबडी शाई मारून परत पाठवशील. म्हणून तू शेवटचा अडवलेला माल काढला आणि टेबलापाशी उभा राहून स्वतः किल्ल्या लावल्या. वीस कुलपांतली सहा भलत्याच किल्लीने उघडली. मला खरं वाटेना. पुन्हा लावल्या, पुन्हा उघडली.

काका म्हणतात, काहीतरी मोघम लिहून मोकळा हो. तीन कागद फाडले, हात धजत नाही. कारण नाही म्हणजे निकालही लागू नाही. तू अजून कारभारात आहेस. चिमे, माझं चुकलं गं.

पण तू नसताना मी त्याच साच्यातली चारशे कुलपं न तपासता पाठवली. ती परत मागवतोय. गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू कळत नाही. त्यातलं पहिलं कुलूप मी कौतुकाने माझ्याच लेकीच्या दाराला लावून दिलं होतं. ती तिथे एकटी राहते. आता ते काढायला निघालोय. तू लवकर ये. लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागतो.
तुझा दादा