अप्पांनी लपवलेलं रक्त

हडपसर, पुणे

प्रिय संतोष,

अप्पा घरी आले आहेत आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुरताहेत, तेव्हा आधी श्वास सोड. फोनवर मी तुला "थोडा त्रास झाला होता" एवढंच सांगितलं. खरं काय झालं ते आज लिहिते.

आतड्यातला पॉलिप, म्हणजे तो मांसाचा कोंब, काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टर अर्शियांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. अप्पांच्या हृदयात धातूची झडप. रक्त पातळ करायची गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी धरायची भीती, चालू ठेवली तर कापलेली जागा वाहत राहायची. म्हणून काही दिवस गोळी बंद आणि तिच्या जागी पोटात इंजेक्शनं. कोंब काढून त्याच्या बुडाशी रक्त धरून ठेवणारे बारीक चिमटे लावले, मग गोळी पुन्हा सुरू झाली. निघताना त्या म्हणाल्या, "आठवडा उलटला तरी रक्त जाऊ शकतं. दिसलं की लगेच या. आणि अंगदुखीची गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही." अप्पांनी मान डोलावली. खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याशेजारी जन्म काढलेला माणूस, एवढी सूचना पाळेल असं मला वाटलं.

त्यांनी गुडघ्यासाठी शेजारच्या गेनबाकाकांकडून गोळ्या घेतल्या. मग संडासात रक्त दिसलं, तर बादलीभर पाणी ओतून गप्प बसले. मी भाजी घेऊन खडकीला त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरेफटक. "काही नाही गं, जरा चक्कर आली," म्हणाले. लेंगा मागून भिजला होता.

रिक्षानं इस्पितळाकडे निघालो, तर होळकर पुलाजवळ कंपन्यांच्या बसेसनी रस्ता तुंबलेला. रिक्षात त्यांची शुद्ध राहावी म्हणून मी त्यांना कारखान्यातल्या मित्रांची नावं विचारत होते. थोडी सांगितली, मग उत्तर येईना.

इस्पितळात डॉक्टर अर्शिया म्हणाल्या, "गोळीचा असर औषधानं एकदम उतरवला तर झडप अडकू शकते. मी रक्त चढवते आणि दुर्बीण घालून जागा शोधते. चालेल?" तुला विचारायला वेळ नव्हता. मी हो म्हणाले आणि बाहेर बाकावर बसले. आतून कुणी घाईनं बाहेर आलं की वाटायचं, आपलं हो चुकलं.

एक चिमटा सुटला होता. डॉक्टरांनी नवे बसवले आणि रक्त थांबलं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बेतानं पुन्हा सुरू केली आहे. झडप नीट चालते आहे. लपवलं का, म्हणून मी रागावले, तर म्हणाले, "लेकीला काय सांगायचं असलं."

संतोष, परवा तुझ्या श्रद्धाचा फोन आला होता, तुला न सांगता. काही महिन्यांपासून तुलाही रक्त जातंय, तू मूळव्याध म्हणून टाळतोस आणि कुणाला सांगू नको म्हणून तिला शपथ घातली आहेस. बोलताना ती रडत होती, बायकोवर चिडू नकोस. अप्पांचा कोंब तसाच राहिला असता तर त्याचा कॅन्सर होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. मुलांनीही तपासून घ्यावं, असंही म्हणाल्या. मी घेतलं, काही निघालं नाही. राहिलास तू. फोनवर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून हे लिहिलं. अप्पांना अजून काही कळलेलं नाही. त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझीच,
मैनाताई