यश कक्षाचा समन्वयक

७ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.
प्राचार्यांनी कॉलेजात 'विद्यार्थी यश व साहाय्य कक्ष' काढला. समन्वयक मी. बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं म्हणून तुम्हाला दिलं, असं जिनेश स्टाफरूममध्ये म्हणाला. जिनेश माझ्यानंतरचं लेक्चर घेतो. वयानं लहान आणि जळका.
संकल्प: यंदा धुळ्यातल्या सगळ्या कॉलेजांत आमचं देवपूरचं कॉलेज पहिलं. गळती शून्य. एकही पोरगं मधेच कॉलेज सोडणार नाही. प्रत्येक प्राध्यापकाकडे काही पोरं, तो त्यांचा मेंटॉर. माझी पोरं मी एस.वाय. बी.कॉम.ची घेतली.
फ्लेक्स सांगितला. वर माझा फोटो. लग्नाच्या वेळचा दिला, त्यात केस आहेत.

८ जुलै
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'मी तुमच्या पाठीशी'. पहिला मेसेज मीच टाकला: काहीही अडचण असो, केव्हाही बोला.
दुपारी झोपलो.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा
ग्रुपवर एकाही पोरानं साधा नमस्कार टाकला नाही. दिवसभर फोन हातात धरून बसलो. कृतघ्न पिढी. वाईट वाटलं असं नाही. नोंद म्हणून लिहितो.

११ जुलै
जिनेश म्हणतो, सर, त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो असं सेटिंग तुम्हीच केलंय. असेल. घरच्या ग्रुपवरच्या फुलांना कंटाळून ती सवयच लागली आहे. उघडून दिलं. तासाभरात एवढे गुलाब, एवढे समईचे फोटो आले की परत बंद केलं. मधे साक्षी नावाच्या मुलीचा मेसेज होता. गावाकडून एसटीनं येते, बस उशिरा पोहोचते, पहिल्या लेक्चरचं काय करू, असं काहीतरी. असल्या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. रविवारी निवांत लिहीन.

१३ जुलै, रविवार
साडू आले. राहिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
नवा नियम चालू करून महिना होत आला. साडेसातला लेक्चर सुरू, पाच मिनिटांनी दार बंद. मग कोणी का येईना. शिस्तीशिवाय यश नाही. पोरं आता धावत येतात, बघून बरं वाटतं. लेक्चर संपलं की मी मागच्या दारानं थेट कँटीनला. तिथं पोहे गरम मिळतात.
जिनेश म्हणाला, आपण लेक्चरं अदलाबदल करू. तुम्ही माझ्या वेळेला घ्या, खेड्यांवरच्या पोरांच्या बसेस तोवर येऊन जातात. मी म्हटलं, बघू. बघायचं काय त्यात? माझं पोट साडेसातच्या लेक्चरवर सेट आहे. ते बिघडलं तर कक्ष कोण चालवणार?

१२ ऑगस्ट
लेक्चर संपवून मागच्या दारानं वरच्या मजल्यावर गेलो, तिथून खाली पाहिलं. माझ्या वर्गाच्या बंद दाराशी जिन्यावर एक मुलगी वही मांडीवर घेऊन लिहीत बसलेली. डोक्याला ओढणी, मान खाली. काय एकाग्रता! फोटो काढला. जळगावच्या वर्कशॉपला कामी येईल.

२३ ऑगस्ट, शनिवार
जळगाव. 'विद्यार्थी टिकवताना' या विषयावर एक दिवसाचं वर्कशॉप. माझं प्रेझेंटेशन जेवणानंतर होतं, त्यामुळे लोक शांत होते. जिन्यावरच्या मुलीचा फोटो पडदाभर दाखवला. खाली लिहिलं होतं: आमच्याकडची स्वयंअध्ययन संस्कृती. पुढच्या रांगेतल्या एका मॅडमनी विचारलं, मुलगी वर्गाबाहेर का बसली आहे? मी म्हटलं, आवड. टाळ्या पडल्या. थोड्या.
भरीत-पुरी चांगली होती. जरा जास्त झाली.

२५ ऑगस्ट, सोमवार
जिनेशनं फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. मग म्हणाला, ही साक्षी आहे, तुमचीच मेंटी. रोज बसस्टँडवरून पांझरेच्या पुलावरून चालत येते. तुमचं दार बंद झालेलं असतं, म्हणून बाहेर बसून ऐकते. अकाउंट्समध्ये तिची हजेरी एक दिवसाची नाही, टर्म जाईल तिची, परीक्षेला बसू देणार नाहीत.
मला काय माहीत? बाहेरची माणसं आतून दिसतात का?
तरीही संकल्प: पुढच्या सोमवारपासून दार उघडं.

१ सप्टेंबर, सोमवार
दार उघडं ठेवलं. शिपाई भटू बादली आपटत गेला. मग दोन कुत्री येऊन गेली. घसारा शिकवायचा होता, पाचव्या मिनिटाला लिंक तुटली. दार लावलं. अपवाद म्हणून. उद्या बघू.

४ सप्टेंबर
दार बंदच आहे. पण मन उघडं आहे, हे महत्त्वाचं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
साक्षीचे वडील आले, भाईदासभाऊ. साधा माणूस. टोपी हातात धरून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, सर, पोर हुशार शे. जवय बस येस तवय पोर येस. मग विचारलं, दार कोन लाई लेस?
मी म्हटलं, दार कोण लावतं याची चौकशी करतो.
तसं म्हणायला नको होतं. पण त्या क्षणी तेच तोंडातून गेलं. मग त्यांना शब्द दिला की टर्मच्या मीटिंगमध्ये मी स्वतः उभा राहून सांगेन, मुलीची चूक नाही. मेंटॉरनं सांगितलं की प्राचार्य ऐकतात. भाईदासभाऊंनी हात जोडले. मीही जोडले. फार हलकं वाटलं. म्हणजे काम निम्मं झालंच.

६ ऑक्टोबर, सोमवार
मीटिंग दुपारी होती. जेवून जरा आडवा झालो. दिपमालानं दोनदा हाक मारली म्हणे. बायको कधी हळू बोलत नाही, आजच कशी बोलली? पोहोचलो तेव्हा सगळे चहा पीत होते. मीटिंग संपलेली. साक्षीची टर्म गेली. जिनेश बोलला होता तिच्यासाठी. प्राचार्य म्हणाले, तिचे मेंटॉर कुठं आहेत? मेंटॉरनंच पाठ फिरवली तर आम्ही काय करणार?
बिस्किट घेतलं. जिनेश माझ्याकडे बघत नव्हता. मला काही वाटत नव्हतं. ॲसिडिटी असावी.

१७ ऑक्टोबर
कक्षाचा अहवाल दिला. गळती शून्य. टर्म जाणं म्हणजे गळती नव्हे, तांत्रिकदृष्ट्या. साक्षीला फोन करायचा आहे. दिवाळीच्या गडबडीत नको. दिवाळीनंतर.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो एकदाचा. दिपमालानं ढकललं. म्हणाली, चार महिने कक्ष कक्ष ऐकतेय, त्या पोरीच्या घरी तरी जाऊन या. गाडी बंद, म्हणून एसटीनं. स्टँडवर ताटकळलो. कंट्रोलरला विचारलं तर म्हणे, ही रोजच उशिरा असते.
भाईदासभाऊंनी खाट टाकली. म्हणाले, सर, चहा ल्या. साक्षी पाणी घेऊन आली. मला ओळखलंच नाही. हे कोणते सर, असं वडिलांना हळूच विचारलं. मी म्हटलं, अगं मी तुझा मेंटॉर, फ्लेक्सवर फोटो आहे. ती म्हणाली, फ्लेक्सवरचे सर तरुण आहेत. मी आणखी काहीतरी बोललो आणि तिचा चेहराच बदलला. अरे, अकाउंट्सचे सर! म्हणाली, आवाज पाठ आहे, पण तोंड कधी पाहिलं नव्हतं. पळत जाऊन वही आणली. सगळी लेक्चरं उतरवलेली. माझे विनोदसुद्धा. त्यांवर वर्गात कोणी हसत नाही.
म्हणाली, घसाऱ्याच्या दिवशी पाण्याची मोटर चालू होती, तेवढं ऐकू आलं नाही, सांगाल का? खाटेवर बसून सांगितलं. लगेच समजलं तिला. इतक्या वर्षांत मला शंका विचारलेली ही पहिली मुलगी.
मंगळवारी सुरतेला चालली आहे. मामांकडे, साड्यांच्या पॅकिंगच्या कामाला. मी म्हटलं, जूनमध्ये परत ये, नाव घालू. ती रागावली नाही. म्हणाली, बस तीच राहील ना सर.
मी दार उघडं ठेवीन, एवढंच म्हणायचं होतं. राहिलं.
चहा प्यालो आणि परतीच्या बसची वाट बघत बसलो.